तिचा उजवा, माझा डावा

आमच्या खिडकीतून आता आकाशाच्या जागी अरीनाचं छप्पर दिसतं. परळला राहणाऱ्या माणसाने आकाशाची फार अपेक्षा ठेवू नये हे मला मान्य आहे, पण पूर्वी तिथे निदान गिरणीची चिमणी होती, आणि चिमणी बारीक असते, तिच्या दोन्ही अंगांना आकाश उरतं. हे छप्पर म्हणजे उपडी घातलेली परात. आत गाण्याचा कार्यक्रम असला की जांभळं होतं, बॉक्सिंग असलं की लाल. गाणं आमच्यापर्यंत येत नाही, नुसता त्याचा ठोका येतो आणि मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून वाजायला लागतात. वाट्या वाजल्या तर गायक आपल्याकडचा, ताटं वाजली तर परदेशातून आलेला, असा आमच्या मजल्याचा हिशेब आहे.

गिरणी गेली म्हणून गळे काढणाऱ्यांतली मी नाही. माझ्या वडिलांनी तिथे उभं आयुष्य कापूस गिळला आणि म्हातारपणी तो खोकून बाहेर काढला. तिथे लोक आता पॉपकॉर्न खात असतील तर खुशाल खावेत. तरीही त्या अरीनात मी पाऊल टाकणार नाही, असं मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. का, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे वर्षातून एकदोनदा कबड्डी होते, मॅटवरची, आणि ती बघवली नसती मला. मला ओढ आहे ती मातीच्या एका तुकड्याची. आणि खरं बोलायचं तर मातीचीही नाही, एका हाताची.

नायगावच्या बीडीडी चाळींच्या मधल्या मैदानात आम्ही मुली सकाळी सकाळी कबड्डी खेळायचो. शिकवायला आमचे भाऊ होते. भाऊ म्हणजे कुणाचेच सख्खे भाऊ नव्हेत, गिरणीत रात्रपाळी करून थेट मैदानावर येणारा एक काटक माणूस. केसांत कापसाचे तंतू तसेच असायचे. त्यांचे नियम तीन. चपला रेषेच्या बाहेर, जोडीने, सरळ ओळीत. आत पाऊल टाकण्याआधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा. आणि मग चिमूटभर माती दोन्ही तळहातांवर चोळायची, म्हणजे घामाने पकड निसटत नाही. एखादी मुलगी घाईत यातलं काही विसरली तर भाऊ ओरडायचे नाहीत, फक्त तिला घरी पाठवायचे. ते ओरडले असते तर बरं, असं वाटायचं.

तो हात जिचा, ती डाव्या कोपऱ्यात खेळायची आणि मी तिच्या शेजारी. भाऊ नावं घेत नसत, जागेवरून हाक मारत. त्यामुळे ती झाली कोपरा आणि मी शेजारीण. समोरची मुलगी चढाईला आली की आम्ही हात धरून साखळी करायचो. तिचा उजवा हात, माझा डावा. तोंडाने काही बोलायचं नाही, कारण चढाई करणारीलाही कान असतात. इशारे बोटांनी. हात एकदा दाबला तर, थांब, जाऊ दे तिला. दोनदा दाबला तर, मी जाते, तू ये. ती वाकून घोटा धरायची आणि त्याच क्षणी मी वरून कंबर. एकटीने घोटा धरला तर चढाई करणारी ओढत नेते. दोघी गेलो तर कुणाच्या बापाची टाप नव्हती सुटायची. सहा वर्षं आम्ही अशा खेळलो. माझ्या आईने माझा हात जितका धरला नसेल तितका तिने धरला.

एकदा आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. तो सामना साधा नव्हता. एका बँकेचा मुलींचा संघ नव्याने उभा राहत होता, त्यांची माणसं वह्या घेऊन बाकावर बसली होती, आणि आमच्या क्रीडा मंडळातून एक मुलगी नोकरीवर घेणार हे चाळीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. एकच मुलगी. माझ्या वडिलांची गिरणी तेव्हा बंद पडली होती, तिच्या वडिलांचीही. खेळ तिचा माझ्याहून सरस होता, हे मला माहीत होतं, आणि वहीवाल्यांना नसेल कळलं तरी भाऊंना माहीत होतं.

शेवटची चढाई त्यांची आणि आम्ही एका गुणाने मागे. धरली तर बरोबरी, सुटली तर गेला सामना. त्यांची मुलगी आमच्या डावीकडे वळली, आमच्या अंगावर आली, तिचा पाय कोपऱ्याजवळ पडला. आणि माझ्या डाव्या हातात दोन दाब आले. अगदी स्पष्ट. आजही मला ते हातात दाखवता येतील. त्याच क्षणी माझ्या मनात वहीवाली माणसं आली. पकड फसली तर दोघी बाद, दोघी बाहेर बसणार, आणि त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे शेवटी तेच लिहिलं जाणार. माझा हात उघडला. मी मागे राहिले. ती एकटी गेली.

तिने घोटा धरला आणि सोडलाच नाही. ती मुलगी तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेली आणि तिच्या गुडघ्यावर पडली. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मी जिथे होते तिथेच उभी होते. माझ्या खेळाच्या बनियनला त्या चढाईची माती लागली नव्हती.

नोकरी मला मिळाली. मुलगी शेवटपर्यंत मैदानात टिकली, असं ते वहीवाले म्हणाले म्हणे.

इस्पितळात तिला भेटायला गेले तेव्हा तिचा पाय वर टांगलेला होता. मी म्हटलं, "घामाने हात निसटला गो." तिने आपला उजवा हात उलटा करून तळवा पाहिला. त्या दिवशी आम्ही दोघींनी माती चोळली होती, रोजच्याइतकीच. तिने हात चादरीवर ठेवला आणि म्हणाली, "होतं असं." मग मला मोसंब्याची एक फोड दिली. मी ती खाल्ली. खोटं बोलून वर तिचंच मोसंबं खाल्लं, आणि बसने घरी आले.

नंतर मी तिला भेटले नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं, पण आमचं भांडण कधी झालंच नाही. तिचा गुडघा नीट बरा झाला नाही, ती लग्न होऊन चिंचपोकळीला गेली आणि लालबागला मसाल्याच्या डंकावर काम करायला लागली. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. दर चैत्रात लालबागला मिरच्या घेऊन मसाला कुटून आणायचा, हा आमच्याकडचा नेम. मी तो नेम पाळला, फक्त रस्ता ओलांडून पलीकडच्या डंकावर जायचे. मिरच्या कुटल्या जाईपर्यंत पाठमोरी बसायचे. अलीकडून कुणी हसलं तरी वाटायचं, आपल्यालाच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरचे म्हणायचे, पलीकडच्याचा मसाला फिका असतो. फिकाच असायचा.

पण हाताला कसं समजवायचं? बसमध्ये उभी असले की माझा डावा हात आपोआप थोडा बाजूला जायचा, कुणीतरी धरेल म्हणून. लग्नात नवऱ्याने हात धरला तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की याला इशारे कोण शिकवणार. तो बिचारा चांगला माणूस होता, त्याने जे सांगायचं ते तोंडाने सांगितलं. बँकेच्या संघातून मी बारा वर्षं खेळले. माझ्या डाव्या बाजूला चांगल्या चांगल्या मुली आल्या. एकीचाही हात मला वाचता आला नाही.

मागच्या एप्रिलमध्ये मंडळाच्या एका जुन्या मुलीचा फोनवर मेसेज आला. अरीनात महिलांची कबड्डी आहे, अंतिम सामन्याच्या आधी परळ, लालबाग, नायगावच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार करणार आहेत, तर सगळ्या या. खाली बारा जणींची यादी होती. माझ्या नावाच्या खालीच तिचं नाव होतं. मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर कुणीतरी पुढे लिहिलं होतं, कोपऱ्याला नक्की आणा, तिची चाळ रिकामी होतेय, महिन्याभरात ती गावी चाललीय, कायमची.

म्हणजे रस्ता ओलांडून चुकवायलाही आता ती तिथे उरणार नव्हती. इतकी वर्षं ती दहा मिनिटांवर होती म्हणून तर मी उद्यावर ढकलू शकले. त्या दिवशी ठरवलं, सत्कार राहू दे बाजूला, तिला खरं सांगायचं. तीन वाक्यं. घामाने निसटला नव्हता. इशारा कळला होता. हात मी सोडला.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आदल्या दिवशी मी नायगावला गेले. आमचं मैदान पत्र्याच्या कुंपणाआड गेलं आहे, नवीन टॉवरसाठी खोल खड्डा खणलाय. वॉचमनला म्हटलं, थोडी माती पाहिजे. तो म्हणाला, "तुळशीला का?" मी हो म्हटलं. त्याने मूठभर दिली. घरी येऊन ती चाळली तेव्हा कळलं की ही पिवळसर माती आमची नव्हेच. आमची लाल होती, भाऊंनी गाडीभर आणून टाकलेली. ती वरची माती केव्हाच ट्रकमध्ये भरून शिवडीच्या बाजूला कुठेतरी गेली असणार, आणि ही कुठली तरी वीस हात खालची, जिच्यावर कुणीच कधी खेळलं नव्हतं. तरी भरली डबीत. कुंकवाची जुनी डबी होती.

अरीनाच्या दारात माझी पर्स मशीनमधून गेली आणि तिथल्या मुलीने डबी काढून उघडली.

"आंटी, ये क्या है?"

"माती."

"मिट्टी? किसलिए?"

"हाताला लावायला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या माणसाकडे. "अंदर अलाउड नहीं है."

मी म्हटलं, बाई, ही जागाच मातीवर उभी आहे, मी घरून काय वेगळं आणलंय? पण रांग मागे वाढत होती आणि ती मुलगी दिवसभर उभी होती, तिच्याशी वाद घालून काय करणार. परफ्यूमच्या बाटल्या आणि पॉवर बँका टाकल्या होत्या त्याच मोठ्या डब्यात तिने माझी माती ओतली. रिकामी डबी परत दिली, आणि वर "सॉरी" म्हणाली. एवढा खटाटोप करून शेवटी मी रिकाम्या हातानेच आत गेले.

आत गारठा होता. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत शाल लागेल अशी थंडी. खिडकी एकही नाही, त्यामुळे किती वाजले ते कळत नाही. आम्हाला एका खोलीत बसवलं. एकेक म्हातारी येत होती आणि जी ती दुसरीला तू जाड झालीस म्हणत होती. मग खोलीत मसाल्याचा वास आला. मी मान वर केली नाही, पण मला कळलं.

ती थेट डंकावरून आली होती. हंगाम चालू होता, सुट्टी कोण देणार. साडीच्या काठाला तिखटाची लाल कोर, केस सगळे पांढरे, उजवा पाय ताठ ठेवून चालत. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"काय गो शेजारणी," ती म्हणाली. "बँकेवाली झाल्यावर मसाला खायचा सोडलास काय?"

"खाते की."

"पलीकडच्याचा. बघते ना दरवर्षी. पाठ करून बसतेस. तुझी पाठ मी लांबनं ओळखते."

म्हणजे ती मला दरवर्षी बघत होती. मी तीन वाक्यं घोकून आले होते, त्यातलं पहिलं ओठांवर आणलं, आणि एक मुलगी वॉकीटॉकी घेऊन आत आली. "लेडीज, लाइन प्लीज, तुमचा टाइम झालाय."

मॅट एका उंच पाटावर मांडलेली होती, त्याच्या पायऱ्यांशी पोचलो तर पुढची बाई थांबली. तिने चपला काढल्या, जोडीने, सरळ. मग दुसरीने. बाराच्या बारा जणींनी काढल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वॉकीटॉकीवाली घाबरली. "आंटी, चपला घाला ना, फोटोत पाय दिसतील." आमच्यातली एक म्हणाली, "मैदान आहे बाळा हे."

वर चढल्यावर मी तिच्या डावीकडे उभी होते. तिने माझ्या दंडाला धरून मला पलीकडे केलं. "ती बाजू तुझी नाही," म्हणाली आणि माझा डावा हात धरला. चाळीस वर्षं होत आली होती. तिच्या तळव्याला घट्टे पडले होते, तो गरम होता, कोरडा होता. हात मात्र तोच.

आत पाऊल टाकण्याआधी आम्ही सगळ्या वाकलो. मॅटला हात लावला आणि कपाळाला नेला. बोटांना काहीच लागलं नाही, नुसता रबराचा वास. वर टांगलेल्या मोठ्या पडद्यावर बारा म्हाताऱ्या वाकलेल्या दिसल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, बसवलेलं काहीतरी आहे. उद्या ही मॅट गुंडाळून ठेवणार होते, परवा तिथे कुणा गायकाचं स्टेज लागणार होतं. आमच्या मैदानावर पाऊस पडला तरी भाऊंच्या रेषा कुठे होत्या ते कळायचं.

शाली दिल्या, सन्मानचिन्ह म्हणून काचेचा एकेक तुकडा दिला. मग निवेदक काहीतरी ओरडला आणि दिवे गेले. खेळाडू आत येणार होत्या, त्यासाठी काळोख करतात. आम्ही मॅटच्या कडेला ओळीतच उभ्या होतो, आणि खाली पायऱ्यांशी नेणारी ती मुलगी काळोखात कुठे होती कोण जाणे. ढोल सुरू झाला, घरी वाट्या वाजतात तोच ठोका, इथे तो बरगड्यांत लागत होता. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "घामाने निसटला नव्हता."

तिने मान वळवली की नाही, दिसलं नाही.

"इशारा कळला होता मला. हात मी सोडला."

मी ओरडून सांगितलं होतं तरी मला माझाच आवाज ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं. ढोल, धूर, निवेदक, हजारो माणसं. एवढी वर्षं गप्प राहून शेवटी मी बोलायला जागा निवडली ती ही. तिचा हात माझ्या हातात होता तसाच राहिला. काही हललं नाही. तिने ऐकलं नाही, असं मी धरून चालले, आणि मला रडू आलं ते त्याचंच. पुन्हा बोलण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

दिवे आले. बूट घातलेल्या उंच मुली धावत आत आल्या. वॉकीटॉकीवाली खालून हाताने, उतरा, उतरा, करत होती. उतरायला दोनच पायऱ्या, पण चांगल्या गुडघाभर उंचीच्या आणि कठडा नाही. चढताना तिला दोन मुलींनी धरून चढवलं होतं. आता त्या कुठे दिसत नव्हत्या. बाकीच्या जणी उतरून गेल्या. ती कडेशी थांबली. तिने पायरीकडे पाहिलं, आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि माझ्या डाव्या हातात दोन दाब आले.

मला विचार करायला वेळच मिळाला नाही. ती पुढे झुकली आणि मी तिच्याबरोबर गेले, उजव्या हाताने तिची कंबर धरून, सगळा भार माझ्या अंगावर घेऊन. एक पायरी. दुसरी. माझाही गुडघा करकरला. खाली पोचल्यावर ती दम घेत उभी राहिली. हात तिने सोडला नव्हता.

"त्या दिवशी पण एवढंच करायचं होतं, गो," ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. चुकलेल्या मुलीला भाऊ दुसऱ्या दिवशी समजावून सांगायचे, तशी म्हणाली. मी खाली बसले, ओळीत उरलेल्या दोन जोड्यांतून तिच्या चपला ओळखून काढल्या आणि तिच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. एकेक पाय धरून घातल्या. मग डाव्या हाताने डोळे पुसले, तर तिच्या तळव्याचं तिखट डोळ्यांत गेलं आणि घरी पोचेपर्यंत चुरचुरत राहिलं.